तेराव्या फर्म्यानंतर बारावा

सोमवार, ४ तारीख

धाकटे,

चार वर्षांत मला एक ओळ नाही, आणि आमच्या मालकाला दोन पानं? तीही पाठपोट, समास सोडून, खाली सही ठोकून. मालक तुझा कोण लागतो? सख्खी बहीण त्याच छपराखाली कागद दुमडत बसली आहे, तिला कशी आहेस विचारायला तुला सवड झाली नाही. पुस्तकाची पानं मागेपुढे लागली म्हटल्यावर मात्र लगेच शाई मिळाली, पाकीट मिळालं, तिकीट मिळालं.

आणि भाषा काय. 'पान १७६ नंतर एकदम पान १९३ येते व १७७ ते १९२ ही पाने २०८ नंतर येतात, हे पाहून अतिशय खेद झाला.' खेद झाला म्हणे. लहानपणी वहीची पानं सुटली की माझ्यापुढे आणून आपटायचीस आणि 'लाव' म्हणायचीस. तेव्हा खेद कुठे गेला होता?

आज सकाळी मालक ते पत्र नाचवत टेबलापाशी आला. मालक म्हणजे मोठ्या मालकाचा मुलगा, तुझ्याबरोबर ह्याच टेबलाखाली कातरण उडवत बसायचा तो. आता त्याला टक्कल पडलंय आणि आवाज फुटलाय. हे कुणी केलं, म्हणून त्यानं विचारलं. सगळ्याजणी माना खाली घालून घड्या घालत राहिल्या. मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होते, मध्ये बारा फूट आणि चार बायका, चष्मा माझ्या कपाळावर. तरी मी ते अक्षर ओळखलं. ओळीचा शेवट आला की तुझी अक्षरं गाडी सुटत असल्यासारखी धावत सुटतात. अजून तशीच धावतात.

मी म्हटलं, इकडे दे ते. खाली तुझं नाव नव्हतं. पुस्तकावर छापलंय तेच कुठलंसं झुळझुळीत नाव होतं. पण अक्षर तुझं, आणि वर पत्ता. म्हणजे दोन महिने आमच्या टेबलावर पडून होतं ते 'काचनदी' तू लिहिलंस.

चूक कुणाची ते मला ठाऊक नाही. इथे सहाजणी काम करतात, कुणाचाही हात चुकू शकतो.

आता माझी तक्रार ऐक. मला पुस्तकं वाचायला वेळ नसतो हे तुला माहीत आहे. घड्या घालताना चार शब्द डोळ्यांखालून जातात, तेवढंच. पण तेवढ्यावरूनही मला कळलं की तुझं पुस्तक संपतच नाही. चारशे सोळा पानं वाचायला लावतेस. ती दिवे करणारी पोर आणि तो पंखवाला सेनापती एकदाचे एकमेकांशी धड बोलायला लागतात. मागून सैन्य येतं, काचेची नदी तडकायला लागते, ती नावाडीण नाव ऐन मध्यावर नेते, नावेखाली हे एवढी चीर पडते, आणि खाली छापलंय 'पहिला भाग समाप्त'. समाप्त काय? मी जाऊन कटिंगवाल्याला विचारलं, शेवटचा फर्मा छापखान्यात राहिला का. तो म्हणाला, नाही, आता असंच लिहितात, तीन-तीन भागांत. मी म्हटलं, मालकानं तुझा पगार असा तीन भागांत दिला तर चालेल का?

आणि ती जुनी पानं तू अजून मनात धरून बसली असशील, तर त्याचं मी तेव्हाच सांगितलंय. रद्दीच्या ढिगात होती, मी ओळखली नाहीत, कापली गेली. विषय संपला.

उत्तर द्यायचं असेल तर मला दे. मालकाला नको.

तुझी ताई

सोमवार, ११ तारीख

धाकटे,

आठवडा झाला. तुझ्याकडून इकडे टपाल दोन दिवसांत येतं हे मी पोस्टात जाऊन विचारलं, तेव्हा ती सबब चालणार नाही.

चूक माझी होती. आज मालकालाही सांगून टाकलं. आठवडाभर मी सुईवालीकडे असं बघत होते जणू तिनंच केलं. सुईवाली म्हणजे माझ्या शेजारी बसून फर्मे शिवते ती, तू गेल्यावर आली. ती बिचारी रोज माझ्या वाटचा चहा आणून ठेवत होती. किती दिवस प्यायचा तो चहा.

कसं झालं ते ऐक. तू आता लेखिका झालीस, विसरली असशील. छापखान्यातून मोठे कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. त्याच्या घड्या घातल्या की झाला एक फर्मा. तुझ्या पुस्तकाचे फर्मे सव्वीस. पण छापखाना ते ओळीनं थोडेच पाठवतो. जो तयार तो आधी. तुझा सगळ्यांत आधी आला एकविसावा. मग चौथा, मग तेरावा. पहिला फर्मा आला तेव्हा आमच्याकडे अठरा जमले होते.

आणि मी वाचलं. चार शब्द डोळ्यांखालून जातात वगैरे मी खोटं लिहिलं होतं. सगळं वाचलं, बोट ठेवून ठेवून, चारशे सोळाच्या चारशे सोळा पानं. चौथी शिकलेल्या बाईला तुझी जोडाक्षरं किती आडवी येतात ह्याचा विचार करत जा. 'सिंहासनाधिष्ठित' असं कशाला लिहितेस, गादीवर बसलेला म्हण ना. त्या एका शब्दापाशी माझा डबा गार झाला.

सुरुवात अशी झाली. एकविसाव्याची घडी घालत होते. वरच्याच पानावर ती नावाडीण त्या सेनापतीला म्हणते, "बसायचं तर नीट बस, नाहीतर उतर. पंख फुलवून उभा राहिलास आणि नाव कलंडली तर तुला काढणार कोण, मी?" मला हसू आलं. सव्वीस वर्षं कागद दुमडते आहे, कागदाकडे बघून पहिल्यांदा हसले. सुईवालीनं विचारलं काय झालं, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही बाई अगदी तुमच्यासारखी बोलते. मी म्हटलं, नावेत बसणारे मूर्ख असले की कुणीही असंच बोलेल.

तिथून लागला नाद. शाई फिकी लागलेले बाद कागद टाकूनच द्यायचे असतात, ते घेऊन आम्ही डब्याच्या सुट्टीत बसायचो आणि मी वाचायची. होय, मी. सुईवाली माझ्याहून भरभर वाचते, पण सगळं एका सुरात, सामानाची यादी वाचल्यासारखं. तिनं सेनापतीचं दुःख वाचलं तर ऐकणाऱ्याला वाटावं पाच किलो दुःख आणि दोन किलो पश्चात्ताप मागवलाय. म्हणून मी.

मजा काय झाली सांगते. एकविसाव्यात ती दिव्यांची पोर आणि तो पंखवाला एका नावेत आहेत आणि एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. चौथ्यात ती आपली कोपऱ्यात बसून काचेला फुंकर मारते आहे, ह्याचा पत्ताच नाही. तेराव्यात तिला कळतं की तिची अख्खी गल्ली ह्याच्याच सैन्यानं जाळली, आणि ती पेटता दिवा ह्याच्या अंगावर फेकते. आता मधलं काय? रोज छापखान्याची गाडी आली की सहाजणी दाराकडे. गाडीवाल्याला वाटायला लागलं, आपल्यालाच बघायला येतात. तो भांग पाडून यायला लागला.

कटिंगवाला तर काय सांगू. तू त्याला ओळखतेस, नाकात बोलतो, कुणाशी पटत नाही. आधी म्हणाला, बायकांची पुस्तकं. मग रोज डबा घेऊन एक-एक खुर्ची पुढे. तेविसावा वाचायला घेतला त्या दिवशी मशीन बंद करून आला आणि वर आम्हालाच म्हणाला, मोठ्यानं वाचा जरा. तो सेनापतीच्या बाजूचा. म्हणाला, त्याला वरून हुकूम होता, तो काय करणार. सुईवालीनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "हुकूम होता म्हणून घर जाळायचं, आणि मग त्याच घरातल्या पोरीकडे दिवा मागायला यायचं?" दोघं दोन दिवस बोलत नव्हते. शेवटी ज्या फर्म्यात कळलं की हुकूम सेनापतीनं मोडला होता, तो वाचला त्या दिवशी कटिंगवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. स्वतःच निर्दोष सुटल्यासारखा फिरत होता.

तर बारावा आला सगळ्यांत शेवटी. बाराव्यात ते दिवेघरातलं. तू लिहिलंयस, तुला माहीत आहे. सगळे दिवे आपोआप पेटतात ते. मी वाचत होते आणि कुणी घास चावत नव्हतं. मी मध्येच कागद खाली ठेवला, तर सुईवाली म्हणाली, थांबू नका, नाहीतर मी वाचेन. तेराव्यातलं भांडण आम्ही महिन्यापूर्वीच वाचलेलं. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या डोक्यात आधी भांडण, मग दिवेघर. दुसऱ्या दिवशी पुस्तकं जुळवायची म्हणून टेबलावर सव्वीस ढीग मी लावले. खाली बारीक आकडा असतो तो मी बघितलाच नाही. गोष्टीनं लावले. तेरावा आधी, बारावा नंतर. आणि एकीलाही खटकलं नाही, कारण टेबलाभोवती फिरून फर्मे उचलणाऱ्या सगळ्यांनी गोष्ट तशीच ऐकलेली. साठ प्रती शिवून, डकवून, कापून गेल्या. तू सोडून कुणाला कळलं नाही.

पण मी तुला सांगते, माझा क्रम बरोबर आहे. कुठली शहाणी मुलगी आधी मिठी मारेल आणि मग विचारेल की घर तू जाळलंस का? आधी काय ते भांडून घ्यावं. मी मालकालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही फक्त बांधायचं, लिहायचं नाही."

साठांतल्या एकावन्न दुकानांतून परत आल्या, मी उसवायला घेतल्या आहेत. एक तुझ्याकडे. उरलेल्या आठ लोकांनी नेल्या, त्यांच्यापैकी कुणाचीही तक्रार नाही. म्हणजे बघ.

आता तू एक सांग. पुस्तक कुठे बांधलं ते पुस्तकात छापत नाहीत. तक्रार करायची ती प्रकाशकाकडे. मग तुझं पत्र थेट इथे कसं आलं?

तुझी ताई

शनिवार, १६ तारीख

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ.

'बारा फुटांवरून अक्षर ओळखलंस, तर तेव्हा हातात घेऊन कसं नाही ओळखलंस?'

असलं उघड्या कार्डावर लिहितात का? तेही कामाच्या पत्त्यावर? पोस्टमननं वाचलं, मालकानं वाचलं, सुईवालीनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिनं दोनदा वाचलं.

मी कामात आहे. तीस प्रती उसवायच्या राहिल्यात. डकवायची खळ आंबली म्हणून नवी केली तर ती पातळ झाली. कटिंगवाला पाठ धरून घरी बसलाय. मला असल्या गोष्टींना वेळ नाही.

वर 'ताई' असं दोन अक्षरंही लिहिली नाहीस.

रविवार, १७ तारीख

धाकटे,

ओळखलं होतं.

काल रागानं पत्र टाकून आले आणि आज सुट्टी, घरात दुसरं काही काम निघेना. सगळी भांडी घासली. घासलेली परत घासली. तुझ्या पुस्तकात नदी ओलांडायची तर नावाडणीला एक खरी गोष्ट सांगावी लागते, खोटं बोललं की नाव जागची हलत नाही. मी म्हटलं, मी त्या नावेत बसले असते तर चार वर्षं काठालाच उभी असते, आणि वर तिलाच म्हटलं असतं की तुझं वल्हं मोडलंय.

तर ऐक. शाळांच्या हजेरीपुस्तकांचं काम होतं, पाठीला आतून लावायचा कागद कमी पडला. हे खरं. मालकानं घरून कुणाकडे जाडसर कागद असेल तर आणा म्हटलं. हेही खरं. रद्दीचा ढीग वगैरे काही नव्हतं. मी घरी आले, तुझं कपाट उघडलं, गठ्ठा घेतला. वरचं पान वाचलं. तुझं अक्षर, ओळीच्या शेवटी धावणारं. त्या पानावर कुणीतरी पोर काचेत फुंकर घालत होती आणि आत उजेड पडत होता. मला ते बरं वाटलं, आणि म्हणून मला जास्त राग आला.

कारण आदल्या दिवशी तू नोकरी सोडून आली होतीस. शाळेच्या ऑफिसातली, पंख्याखालची, खुर्चीवरची. आई गेली तेव्हा तू सात वर्षांची, मी एकवीसची. मी उभ्यानं कागद दुमडले ते तू बसून काम करावंस म्हणून. आणि तू येऊन सांगितलंस की तू आता घरी बसून पंखवाल्यांच्या गोष्टी लिहिणार. मी विचारलं कुणासाठी. तू म्हणालीस, वाचणाऱ्यांसाठी. मला वाटलं, म्हणजे माझ्यासाठी नाही.

मी ते कागद कापले. माझ्या हातानं, चार-चार बोटांच्या पट्ट्या. कटिंगवाला म्हणाला सुद्धा, हे कुणीतरी लिहिलेलं दिसतंय. मी म्हटलं, तू काप. तो कापेना, म्हणून मी कापले. तुझी ती गोष्ट दोनशे हजेरीपुस्तकांच्या पाठीत बसली आहे. कुठल्या कुठल्या शाळेत रोज सकाळी मुलं हजर म्हणत असतील आणि आतून तुझी पोर फुंकर घालत असेल.

एखादी पट्टी तरी मी ठेवली असती तर आता तुला पाठवता आली असती. एकही ठेवली नाही. तू विचारलंस तेव्हा तोंड वर करून ढिगाचं सांगितलं, आणि तू पेटी भरून गेलीस.

हे झालं. आता दुसरं सांगते, तेही खरं आहे. गेल्या सोमवारी मालकाला चूक सांगितली तेव्हा टेबलाला हेही सांगितलं की हे पुस्तक माझ्या बहिणीनं लिहिलंय. कुणी विश्वास ठेवेना. एक म्हणाली, मग माझा मामा सेनापती आहे. शेवटी कटिंगवाला उठला. म्हणाला, खरं आहे, मी तिचं अक्षर बघितलंय, एकदा माझ्या मशीनपर्यंत आलं होतं. एवढंच म्हणाला, पुढचं बोलला नाही. मग सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या. पंखवाल्याची आई कोण, सांगा. नदी काचेची का झाली, सांगा. तुम्हाला माहीत असणार. मी काहीतरी माहीत असल्यासारखं हसत बसले. धाकटे, इतका मान मला ह्या टेबलावर कधी मिळाला नव्हता, आणि तो तू दिलास, मी तुझं ते कापून टाकलेलं असताना.

तू ते परत लिहिलंस. पहिल्या पानापासून. मला फक्त एवढं माहीत आहे की एकावन्न प्रती उसवून परत बांधायच्या म्हटल्या तर मी आठवडाभर शिव्या घालते आहे.

तुझी ताई

शुक्रवार, २२ तारीख

धाकटे,

सात पानं आली. पाकिटात आली, त्याबद्दल आधी शाबास. मी ते सगळ्यांसमोर फोडलं नाही. कागदाच्या खोलीत रिमांवर बसून पानं वाचली, दार लावून. बाहेरून सुईवाली दोनदा दार ठोठावून गेली, बऱ्या आहात ना म्हणून. मी हसत होते आणि तिला ते रडण्यासारखं ऐकू आलं. दोन्ही होतं म्हण.

माफ केलं असं तू कुठे लिहिलं नाहीस. मी दोनदा शोधलं. असू दे. तुला वाटेल तेव्हा लिही, नाही वाटलं तर नको. पण ती जुनी पानं कच्चीच होती असं मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असशील, तर तसलं पुन्हा लिहू नकोस. मी वरचं पान वाचलंय. चांगलं होतं.

पत्र थेट इथे कसं आलं ते आता कळलं. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर कापड दुमडताना मी नखानं ओढते आणि तिथे बारीक तिरकी रेघ उमटते म्हणतेस. सव्वीस वर्षांत मला माहीत नाही. मी लगेच उठून दहा प्रती बघितल्या. आहे, सगळ्यांवर आहे. आणि तू प्रकाशकानं पाठवलेलं पुस्तक हातात घेऊन आत काय छापलंय ते बघायच्या आधी कोपरा बघत बसलीस, मग मुद्दाम मालकाला पत्र लिहिलंस, कारण मालक ते टेबलावर आणून नाचवणार हे तुला पक्कं ठाऊक. आणि वर खेद झाला म्हणे. लबाड आहेस. लहानपणापासून आहेस.

आता नावाडणीचं. त्या पहिल्या पानांत ती नव्हतीच हे वाचून मी गार पडले. इथून गेल्यावर रागानं घातलीस. तिसऱ्या प्रकरणात आणायची आणि तिथेच बुडवायची, असं ठरवून. आणि तू बुडवलीस की ती वर यायची, केस पिळायची आणि असं काहीतरी बोलायची की ते लिहून घेतल्याशिवाय तुला राहवायचं नाही. चार वेळा बुडवलीस. शेवटी दमून तिला वल्हं देऊन टाकलंस. हे मी सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं, तेवढंच, बाकीचं नाही. सुईवाली डोळे पुसत म्हणाली, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, अगदी तुमच्यासारखी बोलते. मी म्हटलं, हो बाई, तूच शहाणी, खा आता.

पण कटिंगवाल्यानं घोटाळा केला. पाठीला पट्टा बांधून आलाय, बसता येत नाही म्हणून उभा राहून जेवतो. तो घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला, "चार वेळा बुडवून बघितली ना? मग पाचव्यांदा जमलं असणार. नावेखाली चीर उगीच पाडली का तिनं?"

मी त्याला बोलायचं ते बोलले. पण घरी येऊन तुझी सात पानं परत काढली आणि पाहिलं, दुसऱ्या भागाबद्दल एकच वाक्य. 'लिहून झाला, छापायला गेला, वाचलास की कळेल.' एवढंच. बाकी सगळं सांगतेस, तुझ्या खोलीला खिडकी किती मोठी, शेजारीण किती आगाऊ, तुला चष्मा लागला. आणि हे नाही.

आज मालकानं सांगितलं. दुसऱ्या भागाचं काम आपल्यालाच मिळालं, पहिले कागद पुढच्या शुक्रवारी येणार, २९ तारखेला. टेबलावर केवढा गलका झाला. मालक म्हणाला, ह्या वेळी ढीग लावताना मावशींना आकडे बघायला बसवा, आणि वाचायचं ते काम संपल्यावर. कुणी ऐकून घेतलं नाही. मी पण हसले. मग एकदम लक्षात आलं की छापखाना कुठला फर्मा आधी पाठवेल ह्याचा नेम नाही. समज, चोविसावा आधी आला. सगळ्याजणी डबे उघडून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या आहेत, मी बोट ठेवून वाचते आहे, आणि त्या नावेत वल्ह्यावर दुसरंच कुणी बसलंय. पुढे मी काय वाचायचं? त्या कागदाची घडी मी कशी घालायची? तेही नखानं ओढून, कोपरे नीट दाबून?

तुझी गोष्ट आहे, तू तिचं काय वाटेल ते कर. आता मी मध्ये पडणार नाही, एकदा पडले तेवढं पुरे. बुडवली असशील तर बुडवली. तुला तो हक्क आहे आणि कारणही आहे. पण ते मला छापखान्याच्या गाडीतून कळता कामा नये. तुझ्याकडून कळलं पाहिजे.

म्हणून गुरुवार, २८ तारीख, संध्याकाळचं टपाल. तोवर सांगायचं. तरली असेल तर कार्डावर एक शब्द पुरे, आणि ह्या वेळी उघड्या कार्डावरच लिही, पोस्टमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना वाचू दे. बुडाली असेल तर कार्ड चालणार नाही, पत्रही चालणार नाही. गाडीत बसायचं, इथे यायचं, आणि माझ्यासमोर उभं राहून सांगायचं.

आणि तरली असेल तरी ये. मी गुरुवारी डबा दोघींचा आणते आहे, आली नाहीस तर तुझ्या वाटचं कटिंगवाला उभ्यानं खाईल. गुरुवार. शुक्रवार चालणार नाही.

तुझी ताई